ला म्हणजे तिला

३ जून, मंगळवार

छप्पन्नाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी! आणि बाई कोण — तर दीपाली. सातवीत ऱ्हस्व-दीर्घापायी मी जिला बाकावर उभं केलं होतं, तीच. आता नागपुरात बसून लोकांना स्पॅनिश शिकवते. आज पडद्यावरून म्हणाली, "सर, कॅमेरा खाली करा जरा, नुसतं कपाळ दिसून राहिलं." म्हटलं, बाई, दाखवण्यासारखं आता तेवढंच उरलंय. हसली नाही. बाकावरचा तो तास तिच्या लक्षात असावा.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे मध्येच सोडता येणार नाही. तृप्ती ऑगस्टच्या सुरुवातीला येते आहे, सातव्या महिन्यात. पहिलं बाळंतपण माहेरी! वालेन्सियात राहून, संत्र्याच्या रोगांवर संशोधन करून, आंद्रेसशी लग्न करूनही पोरीला पांढुर्णाच हवा. सोबत तिची सासू येणार — आम्पारो. तिला स्पॅनिशखेरीज काही येत नाही. तृप्तीने फोनवर निक्षून सांगितलं, "बाबा, मी पोट सांभाळू की तुमचं भाषांतर करत फिरू? तुम्ही शिका."

शिकतो.

१३ जून, शुक्रवार

ताई स्वयंपाकघरातून: "वसंता, हे 'ला ला' काय लावलं गा रोज? भजनाचा क्लास आहे का?"

सांगितलं, तृप्तीच्या सासूसाठी चाललंय. लसूण सोलता सोलता थांबली. "मंग मी काय बोलू तिच्यासंग?"

"तुला बोलायचं काय काम? तू वाढ."

आता लिहिताना हे वाईट दिसतंय. म्हणताना काही वाटलं नव्हतं.

मनकर्णाताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. रामाकोन्याला दिलेली. तेहतिसाव्या वर्षी नवरा गेला आणि एक ट्रंक घेऊन माझ्याकडे आली. दोन वर्षांनी माझी बायको जयश्री गेली. तृप्ती तेव्हा चार वर्षांची. त्यानंतर हे घर ताईनेच चालवलं. मी सौंसरच्या शाळेत शिकवतो आणि रविवारी नागपूरच्या पेपरात सगळ्या गावाची टवाळी करतो. माझा डबा, माझे इस्त्रीचे सदरे, तृप्तीच्या वेण्या — सगळं तिच्याकडे. टवाळी करायला मन मोकळं लागतं, ते तिने मला पुरवलं.

२४ जून, मंगळवार

आज 'कर्माची सर्वनामं'. नाव ऐकूनच पाप केल्यासारखं वाटलं.

दीपाली म्हणाली, "सर, नाव एकदा घ्यायचं. मंग पुन्हा पुन्हा नाही घ्यायचं. बाईचं असेल तर 'ला', माणसाचं असेल तर 'लो'. आणि क्रियापदाच्या आधी ठेवायचं." म्हटलं, हे तर आपलंच आहे. मी तिला बघतो — ला बेओ. 'ला' म्हणजे तिला. शब्दाला शब्द बसतो. इंग्रजीवाल्यांना म्हणे हे जड जातं, त्यांच्याकडे कर्म मागून चालत येतं. आमच्याकडे ते आधीपासून पुढ्यात उभं! पहिल्यांदाच मराठीचा मास्तर असल्याचा फायदा झाला.

वस्तूंनाही तेच. सौंसरचं संत्रं तिकडे गेलं की बाई होतं. कापूस मात्र तिकडेही पुरुषच.

दिवसभर जे दिसेल त्याच्यावर करत बसलो. चहा — लो बेबो, त्याला पितो. पोळी — ला कोमो, तिला खातो. ताई — ला बेओ. तिला बघतो. हे वाक्य व्याकरणात बरोबर आहे.

१ जुलै

लोस, लास. त्यांना, त्यांना. आज एवढंच.

४ जुलै, शुक्रवार

गृहपाठ: घरातल्या एका माणसाबद्दल दहा वाक्यं. मी तृप्ती घेतली.

तृप्ती लहान होती. माझ्या बहिणीने तिला न्हाऊ घातलं — ला बान्यो. तिला भरवलं. तिला शाळेत नेलं — ला येवो. गोवर आला तेव्हा नऊ दिवस तिला मांडीवरून खाली ठेवलं नाही. पहिल्यांदा नागपूरला वसतिगृहात जाताना तिला बसमध्ये बसवलं आणि बस दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली. माझ्या बहिणीने तिला वाढवलं — मि एर्माना ला क्रियो.

एका बैठकीत दहा वाक्यं झाली. कुठे अडलो नाही.

८ जुलै, मंगळवार

दीपालीने वही तपासली. "सर, चुका दोनच. पण दहाही वाक्यांत करणारी आत्याच आहे. तुम्ही कुठं आहात? आता 'यो' टाकून लिहा. मी तिला काय केलं, ते."

बसलो. मी तिला विमानतळावर सोडलं. मी तिला फोन करतो. मी तिला एकदा रागावलो. मग पेन चावत बसलो. चौथं वाक्य शेवटी खोटं लिहिलं — मी तिला गोष्टी सांगायचो. स्पॅनिशमध्ये खोटं लवकर जमतं. आवाज आपला वाटत नाही.

१९ जुलै, शनिवार

नलिनीवहिनी आली. चुलतभावाची बायको. आमच्या घराण्यातली ओटी, हळद, बारसं, सगळ्याची सूत्रं तिच्या हातात असतात. पदर खोचूनच उंबरा ओलांडते.

"भाऊजी, तृप्तीच्या ओटीले आठ ऑगस्ट धरू. श्रावणातला शुक्रवार आहे, चांगला. पाच जणी लागतात. मी, अपर्णा, धनश्री, सावरगावची भाग्यश्री. अन् पाचवी ते सासू. सासरकडची एक तं पाहिजेच."

मी म्हटलं, तिचा नवरा चार वर्षांपूर्वी वारला.

वहिनीने सुपारी कातरायची थांबवली. विचार केला. मग म्हणाली, "त्याइच्यात कुठं असते हे सारं? फॉरेनची आहे ते. तिले काय लागते! भरू द्या. फोटोही चांगले येतीन."

ताई तिथेच होती. चहाचे कप घेऊन. म्हणाली, "नलिनी, साखर कमी तं नाही झाली?"

"नाही वं बाई, मस्त झाला."

आणि मी हसलो! ताईकडे पाहून नाही, स्वतःशीच. कारण एक ओळ सुचली होती — आमच्याकडे विधवेलाही ओटी भरता येते, फक्त पासपोर्ट परदेशी हवा. लगेच आत जाऊन टिपून ठेवली.

२० जुलै, रविवार

ती ओळ घेऊन सदर लिहायला बसलो. मथळाही जमला.

मग दुसऱ्या परिच्छेदापाशी तृप्तीचं लग्न आठवलं. दोन हिवाळ्यांपूर्वी, इथेच. हळद लागत होती तेव्हा ताई कोठीच्या दाराशी उभी होती, हातात तुपाचं भांडं. आतूनच बघत होती. तिला कोणी अडवलं नव्हतं. अडवावं लागत नाही. मी मांडवात पाहुण्यांना विनोद सांगत होतो. त्याच महिन्यात नागपूरच्या एका सभेत मी विधवांच्या मानपानावर बोललो होतो आणि लोक हसून हसून टाळ्या देत होते.

संपादकांना कळवलं, या आठवड्यात नगरपालिकेच्या नाल्यांवर लिहितो.

३ ऑगस्ट, रविवार

आल्या!

आम्पारो बुटकी, पांढरे केस कापलेले, चाल भरभर. पाठ केलेलं स्वागत मी दारातच म्हणून टाकलं. तिने उत्तरादाखल वीसेक वाक्यं सोडली. मला दोन लागली. एकात 'प्रवास' होता, दुसऱ्यात 'पाय'.

ताई दाराआड. तृप्ती सरळ आत गेली आणि पोट सांभाळत तिच्या गळ्यात पडली. ताई म्हणत होती, "हळू पोरी, हळू वं, लेकरू दबन." आणि सोडत मात्र नव्हती.

दुपारी बघतो तर आम्पारो स्वयंपाकघरात. बोलावल्याशिवाय गेली, पाट ओढून बसली. हात पुढे करून म्हणाली, "दामेलो." ताईने सुरी दिली. दोघींनी मिळून दीड पाव गवार निवडली, मोडली, विषय संपला. मला 'दे ते मला' म्हणायला तीन आठवडे लागले होते!

संध्याकाळी ताईने निकाल दिला, "चांगली आहे बाप्पा. हात चालते तिचा."

५ ऑगस्ट, मंगळवार

तृप्ती: "बाबा, पहिली ओटी आत्या भरेल."

"बघू."

"बघू नाही. नलिनीकाकूला तुम्ही सांगा."

"तूच सांग. तुझं ऐकेल ती."

"मी सांगितलं तर म्हणतील, परदेशातून आली अन् शहाणपणा शिकवून राहिली. तुम्ही इथले. आणि तुम्ही तर लिहिता."

तुम्ही तर लिहिता! माझ्या पोरीला टोमणा मारता येतो. माझ्यावर गेली आहे.

अंगणातून ताईचा आवाज, पाठ आमच्याकडे: "मले नको ओढू वं यात. मी आहे ना, मागून करतो सारं." बोलली एवढंच. पण चार वाजता बाहेर गेलो तर तिच्या ट्रंकेतला हिरवा खण दोरीवर उन्हात घातलेला. घड्यांच्या रेघा अजून गेल्या नव्हत्या. कितीदा तरी हाताने सपाट केल्यासारखा दिसत होता.

आम्पारोने मला बाजूला घेऊन हळू विचारलं — यावेळी सगळं कळलं — तुमच्या बहिणीचा नवरा कधी गेला? सांगितलं. तिने स्वतःकडे बोट दाखवलं आणि चार बोटं वर केली. मी मान हलवली. दोघी विधवा, एक पाहुणी आणि एक घरची. पाहुणीला पाट मिळणार.

६ ऑगस्ट, बुधवार

शाळेतून परस्पर वहिनीकडे गेलो. आडून आडून काढलं — काळ बदललाय, मुलीची हौस आहे, ताईनेच वाढवलंय. वहिनीने ऐकून घेतलं. मग आवाज उतरवला. नेहमीचा ठसका नव्हता त्यात.

"भाऊजी, तुम्ही पेपरात काहीही लिहा, मी वाचतो, हसतो. पण जयश्रीच्या वेळेस काय झालं, विसरले का?"

विसरलो नाही.

अठ्ठ्याण्णव. जयश्रीला दुसऱ्यांदा दिवस होते. ताईला विधवा होऊन दोन वर्षं झालेली. ओटीच्या दिवशी जयश्रीने सगळ्यांदेखत तिचा हात धरून पुढे आणलं. "ताई, पहिली तुम्ही." बायका मागे सरकल्या. ताईच्या ओंजळीतून तांदूळ सांडले. मी कौतुकाने बघत होतो. त्यावर एक लेखही लिहिला, माझा पहिला छापून आलेला. आणि नवव्या महिन्यात जयश्री गेली. बाळही गेलं.

रक्तस्राव. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. मला तेव्हाही समजलं होतं, आताही समजतं. सत्तावीस वर्षं मी इतरांना समजावतोय. पण तृप्ती जिन्याच्या पायऱ्या चढते तेव्हा डोळ्यांपुढे डॉक्टर येत नाहीत. सांडलेले तांदूळ येतात.

मला भीती वाटते. हे वाक्य मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

ताई सकाळी रामाकोन्याला गेली, दिराकडे. त्यांच्याकडे पूजा आहे म्हणाली. तिचं तिने ठरवलं. मी शाळेत जायला निघालोच होतो, सौंसरपर्यंत सोबत होतो.

दोरीवर खण नव्हता.

८ ऑगस्ट, शुक्रवार

झालं.

तृप्ती हिरवी साडी नेसून पाटावर बसायच्या आधी दोनदा विचारलं, "आत्या निघाली का तिकडून?" मी म्हटलं, नाही येत म्हणाली. तिने फोन लावला. पलीकडचं ताईचं बोलणं मला सगळं ऐकू येत होतं — "पूजा आहे पोरी. तू बस. वेळ नको चुकवू." तृप्तीने फोन ठेवला आणि बसली. तोंड असं झालं होतं की अपर्णाने विचारलं, कळ आली का?

वहिनीने भरली, धनश्रीने भरली, सावरगावच्या भाग्यश्रीने भरली. आम्पारोची पाळी आली तेव्हा तिने नारळ हातात घेऊन खोलीभर नजर फिरवली. मला विचारलं — मनकर्णा कुठे आहे? नाव अगदी नीट घेतलं. मी उत्तर दिलं. त्यात सर्वनाम नव्हतं, क्रियापदही नव्हतं. "रामाकोना," एवढंच म्हणालो.

फोटो चांगले आले.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. छिंदवाड्याच्या बसच्या कंडक्टरने स्टँडवर एक पुडी दिली. आत राखी, खडीसाखर, आणि ताईच्या अक्षरात चिठ्ठी: 'तृप्तीच्या हातानं बांधून घे. रिकामा नको राहू.'

तृप्तीने बांधली. गाठ इतकी ओढली की बोटं बधिर झाली. सैल कर म्हणालो नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

भूतकाळ. दीपाली म्हणाली, "आज 'यो' घेऊन लिहा सर. मागच्या आठवड्यात तुम्ही कोणाला काय केलं. खरं लिहा, खोट्या वाक्यांत तुमची क्रियापदं बिघडतात." हे तिला कधी कळलं, कोण जाणे.

तास संपेपर्यंत वही कोरी. "बरं नाही का सर?" म्हणाली. सातवीच्या वर्गात मी कोणाला असं कधी विचारलं नव्हतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

ताई अजून आलेली नाही. पूजा कसली, आठवडा झाला!

आज तृप्तीने माझ्यासमोर फोन लावला. सरळ विचारलं, "आत्या, कोणी काही बोललं का तुला? खरं सांग."

"कोणी नाही वं. मीच आली, माह्या मनानं. मले त्या दाटीत जमत नाही आता."

"माझी ओटी होती आत्या. दाटी नव्हती."

पलीकडून, "जेवली का तू?"

तृप्तीने फोन बंद केला. म्हणाली, "लग्नात मागे उभी राहिली तेव्हा मला वाटलं, लोकांना भ्याली. आता तर मी हात धरून म्हणत होते. तिलाच नको आहे, बाबा. वाढवलं म्हणजे आई होते असं थोडंच आहे. राहू दे तिला तिकडे. बाळ झालं की कळवा फक्त."

मी पोळी घेतली. वाटीतली भाजी संपवली. ताईने एकतीस वर्षांची पोर माझ्यासाठी हातची सोडली, आणि मी जेवत होतो.

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडावंदन. मातृशक्तीवर दहा मिनिटं बोललो. लोक हसले, टाळ्या पडल्या. पेढा खिशात तसाच राहिला, सदरा खराब झाला. धुवायला टाकायला गेलो तेव्हा लक्षात आलं, कोणाला सांगणार.

१७ ऑगस्ट, रविवार

सात तारखेला या वहीत जे लिहिलं ते खोटं आहे. ताईने काही ठरवलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी मीच म्हणालो, ओटी होईपर्यंत रामाकोन्याला जा. पूजेचं निमित्तही मीच दिलं. ती म्हणाली, "तुले भेव वाटून राहिलं ना? मलेही वाटते रे." सकाळी सौंसरच्या स्टँडवर पुढच्या बसमध्ये तिला मी बसवलं, आणि तिथेच सांगितलं, तृप्तीला कळू देऊ नको.

आज दुपारी जेवताना हे तृप्तीला सांगितलं. आम्पारोने विचारलं, काय म्हणतायत? तिलाही सांगितलं — यो ला मान्दे. मी तिला पाठवलं. चूक एकही झाली नाही.

तृप्तीने उठून बॅग काढली. आम्पारोने तिच्या हातातून ती घेतली आणि स्वतः भरली. पाच वाजता जीप आली.

बाळंतपण रामाकोन्याला होईल.